यंत्र विकणाऱ्याचे विज्ञान

आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी आज एक कागद असतो. जमीन आरोग्य पत्रिका हे त्याचे नाव. केंद्र सरकारने 2015 साली ही योजना सुरू केली. पत्रिकेत बारा गोष्टींची नोंद असते. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक ही नावे आता बांधावर बसूनही बोलली जातात. त्यांच्याखाली जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन अशी आणखी पाच नावे असतात. समजा, जस्तासमोर 0.42 असा आकडा आहे आणि पुढे 'कमी' असे लिहिले आहे. तो आकडा वाचून शेतकरी दुकानात जातो आणि झिंक सल्फेटची पिशवी घेतो. म्हणजे त्या दशांश चिन्हापुढच्या दोन अंकांवर खिशातले पैसे खर्च होतात, आणि पुढच्या हंगामाचा भरवसाही त्यांच्यावरच ठेवला जातो.

हा आकडा कोणी काढला, असे विचारले तर उत्तर मिळते, 'यंत्राने काढला.' पण यंत्र कोणी केले? ज्याने केले त्याने ते विकण्यासाठी केले. मग विकणाऱ्याच्या शब्दावर आपण किती विश्वास ठेवावा? ज्या कंपन्या वर्णपटाची यंत्रे बनवतात, त्यांच्या पदरी शास्त्रज्ञ असतात, ते संशोधन करतात आणि निबंधही प्रसिद्ध करतात. ते संशोधन खरे शास्त्र की नुसती जाहिरात, हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. तो आपल्या मातीपर्यंत येऊन पोचलेला आहे. म्हणून वाचकहो, त्याचाच थोडा विचार करू या.

आधी यंत्राचे काम समजून घेऊ. जस्त, लोह, तांबे आणि मंगल मोजण्यासाठी प्रयोगशाळेत बहुधा अणुशोषण वर्णपटमापी हे यंत्र वापरतात. मोजणीची सुरुवात मात्र मातीपासून होते. दहा ग्रॅम वाळलेली माती घ्यायची, तिच्यात डीटीपीए नावाच्या रसायनाचे वीस मिलिलिटर द्रावण घालायचे, दोन तास हलवायचे आणि गाळून घ्यायचे. हे रसायन मातीतले सगळे जस्त काढत नाही. पिकाच्या मुळांना जेवढे मिळण्यासारखे असते, साधारण तेवढेच ते ओढून घेते. हा भेद महत्त्वाचा आहे. आपली काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झाली, आणि त्या खडकात लोहाला काय तोटा! तरीही चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. घरात कणगी भरलेली आहे, पण तिला कुलूप आहे, अशी त्या पिकाची अवस्था असते. डीटीपीएचा आकडा कणगीत धान्य किती आहे ते सांगत नाही, हाताला किती लागेल ते सांगतो.

गाळलेले द्रावण यंत्रातली नळी ओढून घेते आणि त्याचा बारीक फवारा ज्योतीत सोडते. हवा आणि ॲसिटिलीन यांची ही ज्योत सुमारे 2,300 अंश सेल्सिअस तापमानाची असते. तिच्यात जस्ताचे सुटे अणू तयार होतात. ज्योतीच्या एका बाजूला एक दिवा असतो. गंमत अशी, की जस्त मोजायचे असेल तर दिव्यातही जस्तच असावे लागते. कारण प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या ठराविक तरंगलांबीचा प्रकाश देतात आणि तोच प्रकाश शोषूनही घेतात. जस्ताची अशी एक रेषा 213.9 नॅनोमीटरवर आहे, लोहाची 248.3 नॅनोमीटरवर. दिव्यातून निघालेला प्रकाश ज्योतीतून पलीकडे जाताना जितका कमी होईल, तितके जस्त जास्त.

पण किती जास्त? हे यंत्राला आपोआप कळत नाही, बरं का! आपण आधी त्याला जस्ताचे माहीत असलेले प्रमाण द्रावण पाजतो, मग दुसरे, मग तिसरे. त्यांच्याशी तुलना करून ते आपल्या नमुन्याचा आकडा सांगते. म्हणजे हे यंत्र तराजूच्या दांडीसारखे आहे. वजने आपल्यालाच आणावी लागतात, आणि वजन खोटे असेल तर दांडी कितीही चांगली असली तरी माप खोटेच पडणार.

मापही किती बारीक आहे पाहा. जस्त कमी की पुरेसे, याची सीमा आपल्याकडे साधारणपणे किलोला 0.6 मिलिग्रॅम धरतात. म्हणजे सोळा-सतरा क्विंटल मातीत एक ग्रॅम. गाळलेल्या द्रावणात ते उतरते लिटरला 0.3 मिलिग्रॅम. ज्या पेल्यात द्रावण ठेवले तो नीट धुतला नसेल, किंवा नमुना जस्ताचा मुलामा दिलेल्या घमेल्यात गोळा केला असेल, तरी एवढे जस्त बाहेरून येऊ शकते.

आता यंत्र करणाऱ्यांकडे वळू. यंत्राच्या माहितीपत्रकात एक वाक्य बहुतेक वेळा आढळते, की आमच्या यंत्रावर जगभरात हजारो शोधनिबंध झाले. हे वाक्य खोटे असेलच असे नाही, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी स्वतः केलेले संशोधन ही एक गोष्ट. गिऱ्हाइकांनी ते यंत्र विकत घेऊन केलेले संशोधन ही दुसरी. कुंभाराने घडा चांगला घडवला हे श्रेय कुंभाराचे, पण त्या घड्यात शिजलेल्या आमटीचे श्रेय त्याला कसे द्यावे? तरीही घडाच गळका असता तर आमटी झालीच नसती, हेही विसरता येत नाही. इतिहासात या दोन्ही तऱ्हा स्पष्ट दिसतात.

पहिली तऱ्हा पाहायची तर जर्मनीतल्या बव्हेरियात जावे लागते. योझेफ फ्राउनहोफर हा तिथल्या एका काचकारखान्यातला कारागीर. दुर्बिणीची भिंगे विकणे हा कारखान्याचा धंदा होता. भिंग चांगले व्हायचे तर काच प्रत्येक रंगाला किती वाकवते हे अचूक मोजावे लागे. पण रंग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो याला खूण नव्हती. खूण शोधताना 1814 साली त्याला सूर्याच्या वर्णपटात बारीक काळ्या रेषा दिसल्या. त्याने पाचशेहून अधिक रेषा मोजल्या आणि ठळक रेषांना अक्षरे दिली. त्या रेषा का पडतात हे मात्र पुढे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी 1859-60 च्या सुमारास उलगडले. सूर्याभोवतीच्या वायूंतले अणू आपापला प्रकाश गिळून टाकतात, म्हणून तिथे काळी रेषा उमटते. आपल्या मातीच्या यंत्रातले तत्त्व हेच, फक्त सूर्याच्या जागी दिवा आणि वायूच्या जागी ज्योत. तात्पर्य, वर्णपटशास्त्राचा पाया माल विकणाऱ्या कारखान्यात घातला गेला. मालात स्वार्थ होता म्हणून शोध खोटा ठरला नाही. उलट चांगल्या मालाच्या गरजेतूनच तो लागला.

दुसरे उदाहरण लंडनच्या ॲडम हिल्गर या कंपनीचे. फ्रँक ट्वायमन नावाचा तरुण 1898 साली तिथे नोकरीला लागला आणि पुढे कंपनीचा प्रमुख झाला. काच तापवून हळूहळू निववली नाही तर तिच्यात ताण राहतो. तो ताण नेमका कसा विरतो, याचा त्याने अभ्यास केला. लोलक आणि भिंगे यांतले दोष प्रकाशाच्या लहरींनीच तपासणारे एक उपकरण त्याने आल्फ्रेड ग्रीन यांच्याबरोबर 1916 साली सिद्ध केले. ते आजही दोघांच्या नावाने ओळखले जाते. धातूंचे वर्णपटाने पृथक्करण कसे करावे यावर त्याने ग्रंथ लिहिला. 1924 साली रॉयल सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले. हे सगळे कंपनीचे स्वतःचे विज्ञान झाले.

याच कंपनीचा एक लहानसा क्वार्ट्‌झचा वर्णपटलेखक कलकत्त्याला होता. 1928 साली चंद्रशेखर वेंकट रामन आणि कृष्णन यांनी विखुरलेल्या प्रकाशातल्या नव्या रेषांची छायाचित्रे त्यावर घेतली आणि 1930 साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो शोध रामन-कृष्णन यांचा, यात शंका नाही. हिल्गरच्या खात्यावर तो कोणी मांडू गेला तर आपण हसू. पण नव्या रेषा इतक्या मंद होत्या, की यंत्रात दोष असता तर त्या दिसल्याच नसत्या. घड्याची आणि आमटीची गोष्ट ती हीच.

आता मातीच्या यंत्राचा जन्म पाहू, कारण त्यात कंपन्यांची दुसरी बाजूही कळते. ॲलन वॉल्श हे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरी सरकारी संशोधन संस्थेत काम करीत. तोवर लोक ज्योतीतून निघणारा प्रकाश मोजत असत. तो मोजण्यापेक्षा गिळला गेलेला प्रकाश मोजला तर, ही कल्पना त्यांना 1952 साली बागेत काम करताना सुचली. त्यांचा निबंध 1955 साली प्रसिद्ध झाला. यंत्र बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या त्यावर तुटून पडल्या असतील, असे तुम्ही म्हणाल. तसे काही झाले नाही. हिल्गर अँड वॉट्स या कंपनीने 1958 च्या सुमारास जुन्या यंत्राला जोडायचे एक उपांग बाजारात आणले, तेवढेच. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातलेच डेव्हिड नावाचे शास्त्रज्ञ वनस्पतींतले जस्त या पद्धतीने मोजून मोकळे झाले होते! तिथल्या प्रयोगशाळांनी मेलबर्नच्या लहान कारखान्यांकडून सुटे भाग करवून घेतले आणि स्वतःची यंत्रे जुळवली. त्या धडपडीतूनच टेकट्रॉन ही यंत्रकंपनी पुढे आली.

मग मात्र कंपन्यांनी खरे काम केले. अमेरिकेतल्या पर्किन-एल्मर या कंपनीने 1962 पासून या एकाच विषयाला वाहिलेले पत्रक काढले. कोणत्या धातूला कोणती ज्योत घ्यावी, कशाने अडथळा येतो, तो कसा दूर करावा, अशा गोष्टी त्यात येत. वॉल्श यांचे तत्त्व दोन ओळींत सांगता येते. पण ते रोज शंभर नमुन्यांना, कोणत्याही शिकाऊ माणसाच्या हाती, त्याच आकड्याने लागू पडावे यासाठी केलेले संशोधन कोणी फारसे मिरवत नाही. माझ्या मते यंत्र करणाऱ्यांचे मोठे देणे ते हेच.

मग विश्वास ठेवावा तो कशावर? याचे उत्तर आपल्या शेजारीच घडलेल्या एका प्रसंगात मिळते. आपल्या परंड्याला लागून सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका आहे, आणि त्यात जेऊर हे रेल्वेचे स्टेशन. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे सरकत जेऊरवरून गेली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तिथे यंत्रे मांडून बसले होते. पुण्यातली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनीच उभी केली होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेही जेऊरलाच आले होते. नॉर्मन लॉकियर यांचा तळ विजयदुर्गच्या किल्ल्यात होता.

सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसते, हे 1869 पासून ठाऊक होते. तिची जागा 531.7 नॅनोमीटर अशी ग्रंथांत दिलेली असे, आणि जवळजवळ तीस वर्षे ती कोणाला फारशी खटकली नाही. 1898 च्या ग्रहणात वर्णपटाची छायाचित्रे निघाली. विजयदुर्गच्या छायाचित्रांवरून जागा आली सुमारे 530.3. जेऊरला कॅम्बेल यांनी वेगळ्या यंत्राने वेगळे मोजमाप केले, त्यांचेही उत्तर 530.3 आले. ग्रंथातला आकडा चुकीचा होता! फरक दीड नॅनोमीटरचाही नाही, पण तो चुकीचा असताना ती रेषा कोणाची हे कळणे शक्य नव्हते. पुढे 1940 नंतरच्या दोन-तीन वर्षांत स्वीडनचे एडलेन यांनी दाखवून दिले, की ही रेषा लोहाची आहे. मात्र ते लोह साधे नव्हे. प्रचंड उष्णतेने त्याच्या अणूतले तेरा इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात. उसावर केवडा पडतो तो ज्याच्या अभावी, तेच हे लोह!

या हकिगतीचा मुद्दा असा. लॉकियर मोठे म्हणून 530.3 खरे ठरले नाही, किंवा कॅम्बेल यांचे यंत्र महागाचे म्हणूनही नाही. दोन माणसांनी, दोन ठिकाणी, दोन यंत्रांनी एकमेकांवर न विसंबता मोजले आणि आकडा एकच आला, म्हणून तो खरा ठरला. कंपनीच्या संशोधनालाही हीच कसोटी लावावी. निबंध किती झाले हे मोजण्यापेक्षा, त्यातले माप कंपनीच्या बाहेरच्या माणसाला दुसऱ्या यंत्रावर मिळाले का, हे पाहावे.

ही कसोटी आज अधिक गरजेची झाली आहे. हातात मावणारी, मातीवर धरली की क्षणात आकडे दाखवणारी यंत्रे आता बाजारात येत आहेत. त्यांपैकी अनेक यंत्रे अवरक्ताजवळचा प्रकाश मातीवर टाकतात आणि परत आलेला प्रकाश तपासतात. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. सेंद्रिय पदार्थ, ओल, चिकणमाती यांचा ठसा त्या प्रकाशात खरोखर उमटतो. पण किलोला अर्धा मिलिग्रॅम जस्ताचा स्वतःचा ठसा तिथे दिसत नाही. ते यंत्र इतर खुणांवरून जस्ताचा अदमास करते, आणि हा अदमास ज्या मातीवर शिकवला असेल त्या मातीपुरता चालतो. नदीकाठच्या गाळाच्या किंवा कोकणातल्या तांबड्या मातीवर शिकलेले यंत्र तेरणाकाठच्या काळ्या रानात, किंवा भूम-वाशीच्या माळावरच्या मुरमाड जमिनीत खरे बोलेलच याची हमी नाही.

म्हणून यंत्र घेणाऱ्याने, मग ती शाळा असो, कॉलेज असो, साखर कारखाना असो की शेतकऱ्यांचा गट असो, विकणाऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत. पहिला, हे संशोधन तुमच्या माणसांनी केले, की तुमच्या यंत्रावर दुसऱ्यांनी? दुसरा, आमच्यासारख्या मातीवर तपासले आहे का, आणि त्याच नमुन्यांची ज्योतीच्या यंत्रावरची मोजणी शेजारी ठेवून दाखवाल का? तिसरा, आकडा चुकला तर तो चुकल्याचे आम्हाला कसे कळेल? चांगला कारखानदार तिसऱ्या प्रश्नाला रागावत नाही. प्रमाण द्रावण कधी पाजावे, दिवा कधी बदलावा, कोणत्या मर्यादेपलीकडे आकडा मानू नये, हे तो स्वतःहून लिहून देतो. ज्या माहितीपत्रकात मर्यादांचे एक पानही नाही, ते पुन्हा एकदा वाचावे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. यंत्र आणले म्हणजे विज्ञान आले असे होत नाही. मी एका प्रयोगशाळेत असे यंत्र पाहिले आहे, की ज्याच्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन होते आणि आच्छादनावर धूळ. यंत्र बिघडलेले नव्हते. जस्ताचा दिवा संपला होता आणि नव्याची मागणी कागदावरच राहिली होती. पुण्याच्या वेधशाळेचेही असेच झाले. तिथे डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली वीस इंची आरशाची दुर्बीण होती. तेव्हा देशात तिच्याएवढी दुसरी नव्हती. 1912 साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. यंत्र तेच, कारखाना तोच, पण जपणारा माणूस उठून गेला.

शेतकरी बंधूंनी एवढे करावे. नमुना घेताना शेतात चार-सहा ठिकाणची माती घ्यावी, जस्ती घमेले आणि गंजके खुरपे टाळावे. बांधाजवळची, झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये. शंका असेल तर एकाच मातीच्या दोन पुड्या कराव्यात, त्यांवर वेगवेगळी नावे घालावीत आणि दोन्ही तपासायला द्याव्यात. आकडे जवळजवळ आले तर निर्धास्तपणे पिशवी घ्यावी. झिंक सल्फेटची शिफारस साधारणपणे हेक्टरी वीस ते पंचवीस किलो अशी असते. आकडे फार लांब पडले तर प्रयोगशाळेत जाऊन नम्रपणे कारण विचारावे. विचारण्यात कोणाचा अपमान नाही. जेऊरच्या माळावर 1898 साली ग्रंथातल्या आकड्याला हाच प्रश्न विचारला गेला होता.